धागा: 'नेक्स्ट' दाबलं की डीबगर भलत्याच थ्रेडमध्ये जातो, आणि काउंटर कोण बिघडवतंय ते सापडत नाही

घाटमाथा | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे आणि थोडा लांबेल, पण तीन आठवडे डोक्याला भुंगा लागलाय म्हणून शेवटी इथे टाकतोय. कमांड सगळ्या देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच इंग्रजीत टायपायच्या.

आमची सी प्लस प्लसमधली एक सर्व्हिस आहे, लिनक्सवर चालते, एका प्रोसेसमध्ये १२ थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे १२ प्रवाह. प्रत्येक ग्राहकाचा एक रेकॉर्ड मेमरीत असतो, त्यात आडनाव, पेंडिंग ऑर्डरींचा काउंटर, आणि त्या रेकॉर्डचा स्वतःचा म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला हात लावू देणारा लॉक. पाच-सहा वर्षं बिनबोभाट चालली. गेल्या काही महिन्यांत दोन लफडी सुरू झालीयेत. पहिलं म्हणजे काही ग्राहकांचा पेंडिंग आकडा मधेच भलताच होतो, ज्याच्या ३ ऑर्डरी आहेत त्याच्या १७६ दिसतात, कुणाच्या १९०, कुणाच्या १२८, एकदा तर उणे १३३ कोटी दिसल्या. दुसरं म्हणजे चार-पाच दिवसांतून एकदा सर्व्हिस हळूहळू गार पडते, एकेक थ्रेड अडकत जातो आणि शेवटी रात्री कुणीतरी उठून रीस्टार्ट मारतं.

जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचं हत्यार, घेऊन स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) बसलो तर तिसरंच. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे कोडमध्ये खूण केलेल्या ओळीवर, थांबतो, नेक्स्ट दाबतो, आणि पुढच्या ओळीवर जायच्या ऐवजी स्क्रीनवर 'स्विचिंग टू थ्रेड' असं येतं आणि मी कुठल्यातरी दुसऱ्याच थ्रेडच्या दुसऱ्याच फंक्शनमध्ये उभा. परत माझ्या थ्रेडला येईपर्यंत व्हेरिएबल बदललेली असतात. आणि स्टेजिंगवर डीबगर लावून मूळ बग एकदाही आलेला नाही, दोन दिवस चालू ठेवलं तरी नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा, आधी ही उडी कशी थांबवू ते सांगा.

कातळशिल्प | सोमवार, रात्री ११.४५

उडीचं आधी सांगतो, ते सोपं आहे आणि जवळपास प्रत्येकाला एकदा तरी चकवतं.

जीडीबी मुळात 'ऑल-स्टॉप' पद्धतीने चालतो, म्हणजे एक थ्रेड ब्रेकपॉइंटवर आला की बाकीचे ११ पण जिथे असतील तिथे थांबवतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. जे लक्षात येत नाही ते असं की तुम्ही नेक्स्ट दाबता तेव्हा तुमचा थ्रेड एक ओळ पुढे सरकतो पण तेवढ्या वेळात बाकीचे सगळे मोकळे सुटलेले असतात, आणि एका ओळीत एखादा फंक्शन कॉल असेल तर तो 'तेवढा वेळ' म्हणजे लाखो इन्स्ट्रक्शन. तेवढ्यात दुसरा थ्रेड त्याच ब्रेकपॉइंटवर आदळला तर जीडीबी तुम्हाला तिकडे घेऊन जातो. बग नाहीये तो, डिफॉल्ट तसाच आहे.

उपाय: सेट शेड्यूलर-लॉकिंग स्टेप. हे केलं की स्टेप आणि नेक्स्ट दाबताना फक्त तुमचाच थ्रेड हलतो, कंटिन्यू दाबलं की सगळे. 'ऑन' असाही पर्याय आहे, त्यात कंटिन्यू दाबलं तरी बाकीचे गोठलेलेच राहतात. ऑन ठेवून विसरू नका एवढं सांगतो. तुमचा थ्रेड एखाद्या लॉकपाशी आला आणि तो लॉक गोठवलेल्या थ्रेडच्या हातात असला तर तुम्ही जन्मभर वाट बघत बसाल आणि वाटेल की प्रोग्राममध्येच डेडलॉक आहे, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकलेत. असं झालं तर कंट्रोल-सी, लॉकिंग ऑफ, पुढे चला. स्टेप मोडमध्येसुद्धा लॉक घेणाऱ्या ओळीवर नेक्स्ट दाबलं की हेच होऊ शकतं.

ब्रेकपॉइंट एकाच थ्रेडपुरता हवा असेल तर ब्रेकच्या ओळीमागे 'थ्रेड ५' लिहायचं, आकडा इन्फो थ्रेड्समध्ये दिसतो तो. आणि कोडमधून थ्रेडना नावं द्या हो, पीथ्रेड सेटनेम नावाचं फंक्शन आहे, १५ अक्षरांपर्यंत नाव चालतं. इन्फो थ्रेड्समध्ये बारा सारख्या ओळी बघण्यापेक्षा 'बिलिंग', 'नावबदल', 'टायमर' असं दिसलं की अर्धं काम होतं.

लोकलकर | मंगळवार, सकाळी ८.२०

जावावाल्यांसाठी एक भर. इंटेलिजे या एडिटरमध्ये ब्रेकपॉइंटवर राइट क्लिक केलं की सस्पेंड 'ऑल' की 'थ्रेड' असं विचारतो, डिफॉल्ट ऑल असतं. वेब सर्व्हरवर डीबग करताना थ्रेड निवडा, नाहीतर तुमच्या एका ब्रेकपॉइंटपायी अख्ख्या टीमच्या रिक्वेस्टी लटकतात. आणि नुसतं कोण कुठे अडकलंय बघायचं असेल तर जावाची जेस्टॅक कमांड पुरते, डीबगर लागतच नाही.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९.०५

घाटमाथा, मी प्रॉडक्शन सांभाळते त्यामुळे गार पडण्याबद्दल बोलते. रीस्टार्ट मारण्याआधी पुरावा गोळा करा, तुम्ही लोक दर वेळी पुरावाच पुसताय.

पुढच्या वेळी गार पडली की दोनच गोष्टी करायच्या. जीडीबी बॅच मोडमध्ये त्या प्रोसेसला जोडायचा आणि थ्रेड अप्लाय ऑल बीटी (बीटी म्हणजे बॅकट्रेस, थ्रेड कुठल्या फंक्शनमधून कुठे आला ती साखळी) एवढीच कमांड देऊन आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं. मग जीकोर चालवून प्रोसेसच्या मेमरीचा पूर्ण फोटो डिस्कवर काढायचा, आणि त्यानंतर खुशाल रीस्टार्ट करा, बाकीचा तपास त्या कोअर फाइलवर निवांत होतो, चहा पीत. कोअरमध्ये प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, रजिस्टर, सगळी मेमरी असते. फक्त चालू प्रोसेसवर हे करत असाल तर लक्षात ठेवा, जोडलेलं असेपर्यंत आणि कोअर लिहून होईपर्यंत सगळे थ्रेड थांबलेले असतात, कित्येक जीबीची मेमरी असेल तर ते दोन सेकंदांत होत नाही आणि तेवढ्यात तुमचा लोड बॅलन्सर प्रोसेस मेली समजून तिला बाहेर काढेल. आधी ट्रॅफिक वळवा.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर घाबरू नका. उबुंटूवर यामा म्हणून सिक्युरिटी मॉड्यूल आहे, त्यात पीट्रेस स्कोप १ असतो, म्हणजे साध्या यूजरला फक्त स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसलाच डीबगर लावता येतो. रूटने करा. डॉकरमध्ये असाल तर कंटेनरला एसवायएस पीट्रेस ही कॅपेबिलिटी द्यावी लागते.

आणि कळकळीने सांगते, कोअर फाइलमध्ये ग्राहकांची नावं, पत्ते, टोकन, पासवर्ड, जे जे मेमरीत आहे ते सगळं असतं. मेलने पाठवू नका, चॅटवर टाकू नका, या धाग्यावर तर अजिबात नाही. परमिशन फक्त स्वतःपुरती ठेवा आणि काम झालं की पुसा.

रानपाखरू | मंगळवार, दुपारी १.३०

वाचतेय. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला शिकवलं की प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते, एकाला दुसऱ्याची दिसत नाही. मग जीडीबी ही पण एक प्रोसेसच आहे ना, तिला दुसऱ्याची मेमरी कशी काय वाचता येते, आणि नुसती वाचता नाही तर बदलता पण येते??

कातळशिल्प | मंगळवार, दुपारी ३.००

रानपाखरू, बाळबोध कसला, मुळावरच बोट ठेवलंस.

तुझ्या सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, जीडीबी स्वतः काहीच वाचू शकत नाही, तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, मागतो. त्यासाठी पीट्रेस नावाचा सिस्टम कॉल आहे. आधी 'मला या प्रोसेसला जोड' म्हणायचं, कर्नल परवानगी तपासतो, वर ताईंनी सांगितलेलं यामा इथेच आडवं येतं. मग 'अमुक पत्त्यावरचा शब्द दे' किंवा 'तिथे हे लिही' असं सांगता येतं. एकेक शब्द मागणं फार हळू म्हणून मोठा तुकडा हवा असेल तेव्हा प्रॉक फाइलसिस्टीममधली त्या प्रोसेसची 'मेम' नावाची फाइल उघडून हव्या त्या पत्त्यावरून वाचतात. इन्फो प्रॉक मॅपिंग्ज देऊन बघ, कुठल्या पत्त्यापासून कुठपर्यंत कोड, कुठे हीप, कुठे प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, सगळा सातबारा समोर येतो.

आता मजेची गोष्ट अशी की लिनक्सच्या नजरेत प्रत्येक थ्रेड वेगळा जोडावा लागतो. प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या 'टास्क' फोल्डरमध्ये १२ थ्रेडची १२ फोल्डर दिसतात, जीडीबी ती सगळी बघून एकेकाला पकडतो. इन्फो थ्रेड्समध्ये एलडब्ल्यूपी म्हणून जो आकडा असतो तो हाच कर्नलचा थ्रेड नंबर, लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आणि ब्रेकपॉइंट म्हणजे काय, तर मेमरीत बदलच. इंटेलच्या प्रोसेसरवर जीडीबी त्या पत्त्यावरचा मूळ बाईट बाजूला काढून ठेवतो आणि तिथे सीसी ही एका बाईटची इन्स्ट्रक्शन ठोकतो, इंट थ्री म्हणतात. थ्रेड तिथे आला की ट्रॅप होतो, कर्नल त्याला थांबवून जीडीबीला हाक मारतो. पण कोडची मेमरी १२ थ्रेडची सामायिक आहे ना, मग त्या ठिकाणाहून पुढे जायचं तर मूळ बाईट परत ठेवावा लागणार, आणि तेवढ्या क्षणात दुसरा थ्रेड तिथून निसटून गेला तर? म्हणून जीडीबी एकतर बाकीच्यांना थांबवून एकट्याला एक इन्स्ट्रक्शन पुढे नेतो, किंवा ती इन्स्ट्रक्शन दुसऱ्याच जागी कॉपी करून तिथे चालवतो आणि मूळ जागेला हातच लावत नाही. थ्रेडवर ताबा आणि मेमरीवर ताबा हे दोन वेगळे धडे नाहीतच, एकाशिवाय दुसरा होत नाही.

निळीशाई | मंगळवार, संध्याकाळी ७.१५

घाटमाथा, इतकं सगळं कशाला, ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय, लावून बिल्ड करा ना. मेमरी कुणी बिघडवत असेल तर जागच्या जागी सांगेल. साधारण दुप्पट हळू चालतं, पण स्टेजिंगला चालून जाईल.

घाटमाथा | मंगळवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. शेड्यूलर-लॉकिंग स्टेप केलं आणि उडी थांबली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा एक फंक्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग बघता आलं.

निळीशाई, सॅनिटायझर लावून झालाय, एक चकार शब्द बोलला नाही.

कातळशिल्प | मंगळवार, रात्री ११.२०

सॅनिटायझर गप्प आहे हीच माहिती आहे. तो पहारा देतो तो दोन वेगवेगळ्या वस्तूंच्या मधल्या जागेवर, कुणी एका वस्तूची हद्द ओलांडून बाहेर गेलं की ओरडतो. पण एकाच स्ट्रक्चरच्या एका फील्डमधून पुढच्या फील्डमध्ये सांडलं तर त्याच्या दृष्टीने सगळं घरातल्या घरातच चाललंय. व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या हत्याराचंही तेच. तुमच्या स्ट्रक्चरची मांडणी टाका बघू, फील्डची नावं बदलून चालतील.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ९.४०

मांडणी: आधी ३२ बाईटची आडनावाची जागा, मग ४ बाईटचा काउंटर, मग ४ बाईट रिकामे, म्हणजे कंपायलरने अलाइनमेंटसाठी सोडलेले, आणि ४० व्या बाईटपासून म्यूटेक्स.

आणि पहाटे साडेचारला परत गार पडली. या वेळी रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसंच केलं, आधी ट्रॅफिक वळवली, मग सगळे स्टॅक घेतले, मग जीकोर. बारापैकी नऊ थ्रेड एकाच ठिकाणी, सगळ्यात वर लॉक-वेट, त्याखाली म्यूटेक्स लॉक, त्याखाली आमचं काउंटर वाढवणारं फंक्शन. नऊच्या नऊ एकाच ग्राहकाच्या रेकॉर्डवर. म्हणजे डेडलॉकच ना?

रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०.१०

घाईने डेडलॉक म्हणू नका. कोअर उघडून तो म्यूटेक्स प्रिंट करा. ग्लिबसीच्या (लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या) म्यूटेक्समध्ये डेटाच्या आत ओनर नावाचं फील्ड असतं, त्यात लॉक ज्याने घेतलाय त्या थ्रेडचा नंबर, तोच वरचा एलडब्ल्यूपी. तो आकडा इन्फो थ्रेड्समध्ये शोधा, तो थ्रेड कुठे उभा आहे बघा, तो दुसऱ्या लॉकसाठी थांबला असेल तर त्याचा ओनर बघा. असं फिरत फिरत जिथून निघालात तिथेच परत आलात तर डेडलॉक. मी कित्येक रात्री या एका फील्डवर निभावल्यात.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ११.००

बघितलं. लॉक २, ओनर ०.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११.०५

ओनर शून्य?? परत एकदा बघा, बरोबर रेकॉर्डचाच आहे ना?

कातळशिल्प | बुधवार, सकाळी ११.३०

तो बरोबरच बघतोय, आणि हा डेडलॉक नाही. साध्या म्यूटेक्सच्या लॉक या शब्दात तीनच किमती शोभतात, ० म्हणजे मोकळा, १ म्हणजे घेतलेला, २ म्हणजे घेतलेला आणि मागे रांग आहे. ज्याला लॉक मिळत नाही तो स्वतः तिथे २ लिहून झोपतो आणि सोडणारा त्याला उठवेल अशी वाट बघतो. आता विचार करा, लॉक मोकळा असताना कुणी त्या जागेवर कचरा लिहिला, कुठलाही शून्य नसलेला आकडा, तर पुढे येणाऱ्याला वाटणार लॉक घेतलेला आहे, तो कचरा पुसून २ लिहिणार आणि झोपणार. सोडणारा कुणी नाहीच, कारण घेतलेलाच नव्हता. म्हणून ओनर शून्य आणि नऊ जण रांगेत. पहिल्या झोपणाऱ्याने कचऱ्याचा पुरावाही पुसला, त्यामुळे कोअरमध्ये तो दिसणार नाही.

घाटमाथा, तुमचा काउंटरचा बग आणि गार पडण्याचा बग एकच आहे असं माझं मत. आडनावातून सांडतंय, थोडं सांडलं की काउंटर बिघडतो, जास्त सांडलं की म्यूटेक्सपर्यंत जातं.

घाटमाथा | बुधवार, दुपारी १२.१५

पण काका, आडनाव ३१ अक्षरांपेक्षा मोठं असेल तर फॉर्मच घेत नाही, ती तपासणी मी स्वतः बघितलीये. आणि ३१ अक्षरी आडनाव आहे कुणाचं?

बोरू | बुधवार, दुपारी २.४०

मी प्रोग्रामर नाही, फाँट आणि डीटीपीचं काम करतो, देवनागरीचे कोड दिवसभर डोळ्यांसमोर असतात. धागा वाचताना ते १७६, १९०, १२८ आकडे बघून थांबलो म्हणून लिहितोय, चुकत असेन तर सांगा.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाईटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं धरून प्रत्येकी ३. 'र' चे तीन बाईट दशमानात २२४, १६४, १७६. काना २२४, १६४, १९०. दीर्घ वेलांटी २२४, १६५, १२८. म्हणजे तुमचा १७६ हा 'र' चा शेवटचा बाईट, १९० कान्याचा आणि १२८ दीर्घ वेलांटीचा. १७६ सगळ्यात जास्त वेळा येतो का हो? कारण आपल्याकडे कितीतरी आडनावं 'कर' वर संपतात.

३२ बाईटमध्ये शेवटचं शून्य धरून जेमतेम १० चिन्हं मावतात. 'कुरुंदवाडकर' लिहून बघा, क, उकार, र, उकार, अनुस्वार, द, व, काना, ड, क, र, अशी ११ चिन्हं, ३३ बाईट. तेहतिसावा बाईट बरोबर तुमच्या काउंटरच्या पहिल्या बाईटवर पडतो, आणि तो आहे १७६.

कातळशिल्प | बुधवार, दुपारी ३.०५

बोरू, साष्टांग. काउंटर ३ असताना पहिला बाईट १७६ झाला, त्यामागचं शून्य दुसऱ्या बाईटवर, वरचे दोन आधीच शून्य, म्हणजे आकडा नेमका १७६. आणि घाटमाथाच्या स्टेजिंगवर का येत नव्हतं तेही कळलं, डीबगरचा दोष नव्हताच, तिथल्या टेस्ट डेटात सगळी नावं रोमन लिपीत असणार.

घाटमाथा | बुधवार, दुपारी ३.३०

हो!! सगळी रोमन. आणि मराठी फॉर्म सुरू केला तोच हा काळ, काही महिन्यांपूर्वीचा. फॉर्म अक्षरं मोजतो, सी प्लस प्लसवाला बाईट मोजतो, मधे कुणी बघितलंच नाही. हात थरथरतायत टाइप करताना. आता रंगेहाथ पकडायचंय, कोडमध्ये आडनाव लिहिणाऱ्या चार जागा आहेत, कुठली ते डोळ्यांनी बघायचंय. वॉचपॉइंट, म्हणजे मेमरीतल्या जागेवरचा पहारा, कसा लावू?

कातळशिल्प | बुधवार, संध्याकाळी ५.१०

स्टेजिंगवर एकच ग्राहक तयार करा म्हणजे रेकॉर्ड एकच. त्याच्या काउंटरवर वॉच डॅश एल लावा. डॅश एल महत्त्वाचं आहे, नुसता वॉच दिला तर जीडीबी त्या एक्स्प्रेशनवर लक्ष ठेवतो आणि त्यातलं लोकल व्हेरिएबल संपलं, म्हणजे फंक्शनमधून बाहेर आलात, की वॉचपॉइंट काढून टाकतो. डॅश एलने तो पत्ता काढून त्या पत्त्यावर पहारा बसवतो, मग कुठल्याही फंक्शनमधून कुणीही लिहो.

लावल्यावर जीडीबी 'हार्डवेअर वॉचपॉइंट' म्हणतोय ना ते बघा. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी पत्त्यांचे फक्त ४ डीबग रजिस्टर असतात, एकात जास्तीत जास्त ८ बाईट, म्हणजे हजारो रेकॉर्डवर पहारा ठेवता येत नाही, नेमकं कुठे बघायचं ते आधी माहीत लागतं. बोरूंनी तेच दिलं आपल्याला. ही रजिस्टर प्रत्येक थ्रेडची वेगळी असतात, जीडीबी बाराही थ्रेडमध्ये भरतो, ते तुम्हाला करावं लागत नाही. पण वस्तू मोठी असली तर तो मुकाट्याने सॉफ्टवेअर वॉचपॉइंटवर येतो, एकेक इन्स्ट्रक्शन चालवून किंमत तपासत बसतो, शेकडो पट हळू, आणि त्याहून वाईट म्हणजे तो एकाच थ्रेडवर भरवसा ठेवून असतो. दुसऱ्या थ्रेडने बदल केला तर निसटू शकतो. तुमच्या कामाला तो निरुपयोगी.

दुसरा वॉच म्यूटेक्सच्या लॉक शब्दावर लावा, पण त्याला अट घाला, किंमत २ पेक्षा जास्त असेल तरच थांब. नाहीतर प्रत्येक लॉक-अनलॉकला थांबेल. शेड्यूलर-लॉकिंग ऑफ करा, सगळे थ्रेड मोकळे हवेत.

घाटमाथा | गुरुवार, रात्री १.१५

सापडला.

आडनाव 'ब्राह्मणवाडेकर' टाकलं, १४ चिन्हं, ४२ बाईट. पहिला वॉच काउंटरवर लागला तो 'नावबदल' थ्रेडमध्ये. हो, काकांनी सांगितल्यावर थ्रेडना नावं दिली होती. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लिहिलेला कॉपीचा लूप, शून्य येईपर्यंत बाईट ढकलत राहतो, मर्यादा नाही. कंटिन्यू करत गेलो आणि दुसरा वॉच लॉक शब्दावर लागला, किंमत आधी १६४, मग ४५२२०. 'र' चे मागचे दोन बाईट म्यूटेक्सवर. बीटी घेतला तर त्या अख्ख्या साखळीत कुठेही म्यूटेक्स घेतलेलाच नाही, लॉक न घेताच आडनाव लिहितोय. घेतला असता तर शेवटी सोडताना ती जागा परत शून्य झाली असती आणि गार पडणं कधी दिसलंच नसतं.

एक प्रयोग पण केला, स्टेजिंगवरच. गार पडू दिलं, जीडीबी जोडला, लॉक २ ओनर ० दिसला, सेट व्हेरिएबलने लॉक शून्य केला, डिटॅच केलं, आणि अडकलेले सगळे थ्रेड धावायला लागले. नुसती मेमरी बदलून झोपलेले कसे उठले ते कळलं नाही पण.

कातळशिल्प | गुरुवार, सकाळी ७.५०

शाब्बास!

उठले ते मेमरीमुळे नाही, तुम्ही जोडल्यामुळे. डीबगर थांबवतो तेव्हा झोपेचा तो फ्युटेक्स कॉल, म्हणजे लॉकसाठी कर्नलला 'मला झोपव' सांगणारा कॉल, अर्धवट तुटतो आणि सोडल्यावर पहिल्यापासून होतो. पहिल्यापासून होताना कर्नल आधी बघतो की तिथे अजून २ आहे का, आता शून्य दिसलं म्हणून झोपवत नाही, परत पाठवतो. मग एकाला लॉक मिळतो, तो सोडताना पुढच्याला उठवतो. प्रॉडक्शनवर मात्र हे करू नका. काउंटर बिघडलेला आहे, त्यावर पुढचे हिशोब चढतील, गार पडलेली सर्व्हिस परवडली.

निळीशाई | गुरुवार, सकाळी ९.३०

चालत्या यंत्रात लॉकची सेटिंग बदलण्यावरून नासाचं मार्स पाथफाइंडर यान आठवलं. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाचं कमी प्रायॉरिटीचं टास्क म्यूटेक्स धरून बसायचं, जास्त प्रायॉरिटीचं टास्क त्याची वाट बघायचं, आणि मधल्या प्रायॉरिटीची टास्क त्या धरून बसलेल्याला चालूच द्यायची नाहीत. वेळेत काम झालं नाही की वॉचडॉग रीसेट मारायचा. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ट्रेस चालू ठेवून तेच घडवून आणलं, आणि मग मंगळावरच्या यानात बदल पाठवून त्या म्यूटेक्सचं प्रायॉरिटी इन्हेरिटन्स, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं, चालू केलं. तुमच्यासारखंच, आधी घरी घडवून दाखवलं तेव्हाच हात घातला.

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०.००

घाटमाथा, फिक्स काय करताय? आणि आधीच बिघडलेल्या काउंटरचं?

घाटमाथा | गुरुवार, दुपारी १२.४०

३२ बाईटची जागा काढून साधी स्ट्रिंग केली, नाव बदलताना म्यूटेक्स घेतला, फॉर्म आणि सर्व्हिस दोन्हीकडे बाईट मोजले. काउंटर ऑर्डरींच्या टेबलवरून परत मोजून भरतोय, ११ किंवा जास्त चिन्हांची जेवढी आडनावं आहेत त्या सगळ्यांचे. थ्रेड सॅनिटायझरची बिल्डपण लावली, त्याने जुन्या कोडवर पहिल्या दहा मिनिटांत ही जागा दाखवली, कारण लॉकशिवाय लिहिणं त्याला दिसतं. पुढे दर आठवड्याला चालवणार. टेस्ट डेटात बोरूंकडून आडनावांची यादी मागवलीये, व्यनि केलाय.

बोरू | गुरुवार, दुपारी १.२०

पाठवली. जोडाक्षरं, रफार, नुक्ता, सगळं घातलंय. चिन्हं मोजताना जोडाक्षर एक धरू नका, 'श्री' मध्ये चार आहेत.

रानपाखरू | शुक्रवार, रात्री ९.५०

मी घरी लॅपटॉपवर तेवढंच स्ट्रक्चर लिहून बघितलं, हाताने लिहिलेला लूप, काउंटर ७ ठेवला, वॉच डॅश एल लावला आणि आडनाव दिलं 'श्रीरामपूरकर', १२ चिन्हं. एकदा थांबेल वाटलं होतं तर चारदा थांबलं. आधी १४९, मग ५७४९३, मग १०८०५३९७, आणि शेवटी उणे १३३१३७१८८३. मग एक्स स्लॅश ४० एक्सबी या मेमरीतले ४० बाईट दाखवणाऱ्या कमांडने बाईट बघितले, पहिला १४९ म्हणजे 'क' चा शेवटचा बाईट आणि मागचे तीन मिळून अख्खा 'र'. घाटमाथा दादांचे उणे १३३ कोटी ते हेच ना?

घाटमाथा | शुक्रवार, रात्री १०.०५

हेच. शेवटचा आकडापण तोच.